वणीला न गेलेली अँबेसिडर

नाना, काल जळगावात मला बघायला आलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल विचारलं. मुलाच्या वडिलांनी धुळ्याची ती जुनी गोष्ट ऐकलेली होती. "तुझ्या वडिलांनी मार खाल्ला, पण गंजक्या पाइपची गाडी सोडली नाही. खरं ना?" मी "हो" म्हणाले. ते खोटं नव्हतं. तरी ते उठून गेल्यापासून मला चैन नाही. अर्धं सांगून होकार मिळवला की काय, असं वाटतं.

शाळेच्या आधी मी तुमच्याकडेच शिकले. आकडे पान्यांवरचे, अक्षरं मडगार्डवर खडूनं काढलेली. चुकलं की हात उठायचा. ऑइलचा वास आधी यायचा, मग कान वाजायचा. ती गोष्ट घडली त्या सकाळी चहाला उशीर झाला म्हणून तुम्ही मायचं डोकं भिंतीवर आपटलंत आणि घरापुढच्या पत्र्याखाली, गॅरेजमध्ये जाऊन कामाला लागलात. मी तुमच्यामागे आले, कारण घरात थांबले असते तर मायकडे बघावं लागलं असतं.

कापसाच्या व्यापाऱ्याची जुनी अँबेसिडर उभी होती. त्यांना वणीच्या देवीला जायचं होतं. बायका खणानारळाची टोपली घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, पोरं हॉर्न वाजवत होती. तुम्ही गाडीखाली आडवे आहात, शेजारी मी बॅटरीचा उजेड धरून. ब्रेकचा पाइप जिथे पट्टीनं आवळलेला असतो तिथे चिखल अडकतो, आणि गंज आतून खात जातो. तुम्ही मला बघायला सांगता. वरून काळा, गुळगुळीत पाइप. "चांगला शे," मी म्हणते. पडल्या पडल्या तुम्ही थोबाडीत देता. "दिसस ते सांगू नको, हातले लागस ते सांग." मग माझं बोट धरून पट्टीच्या मागे घासता. पापुद्रे निघतात. बोट कापतं, आणि मला कळतं.

नवा पाइप धुळ्यात कुठेच मिळाला नाही. तेव्हा आग्रा रोडवर सगळीकडे एकच इलाज होता: गळका पाइप हातोडीनं ठोकून चपटा करायचा, त्या चाकांचा ब्रेक बंद करायचा आणि उरलेल्या ब्रेकवर गाडी सोडायची. व्यापारी तेच म्हणाला. "मिस्तरी, मागचा ठोक आणि दे. सगळे देतात. देवी बघून घेईल."

"देवी वर शे. खाले मी शे," तुम्ही म्हणालात. ओट्यावरची म्हातारी हसली. तुम्ही त्याला समजावलंत, की मागचा ठोकला तर घाटात सगळा जोर पुढच्या पाइपवर येईल आणि तोही तसाच खाल्लेला आहे. त्याला पटलं नाही. त्यानं किल्ली उचलली, थोरल्या मुलाला स्टिअरिंगवर बसवलं. तेव्हा तुम्ही छन्नी घेऊन परत खाली सरकलात आणि एका घावात पुढचा पाइप तोडलात. ब्रेक ऑइल जमिनीवर वाहू लागलं.

त्यांनी तुम्हाला पाय धरून ओढून काढलं. धाकट्यानं जॅकचा दांडा घेतला. तुमचा दात ऑइलमध्ये पडलेला मला दिसतो. तुम्ही एकदाही हात उचलत नाही. कपाळ सुजलेली माय खलातला बत्ता घेऊन धावत येते, त्या पोराच्या मनगटावर घालते. "त्याले मारानं व्हई ते मी मारसू! तुम्हीन कोन?" जमलेले लोक हसायला लागतात आणि त्या हसण्यानंच ते बापलेक मागे सरतात.

ते लोक एसटीनं वणीला गेले, सुखरूप आले. गाडी दुसरीकडे ओढून नेली. पाइप घाटात फुटला असता की नसता, हे कोणालाच कधी कळलं नाही. म्हातारीनं प्रसाद पाठवला. तुम्ही तो एका बाजूनं चावून खाल्लात. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. चारचौघांत पदर पडला म्हणून त्याच संध्याकाळी तुम्ही मायला पट्ट्यानं मारलंत, ते त्यांना माहीत नाही. परक्यांच्या पोरांसाठी जो हात गप्प राहिला, तोच हा हात होता. ही दोन्ही माणसं मी एकत्र बसवून बघते, नाना, आणि मला जमत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, ते कोणत्या माणसासाठी, हेही मला सांगता येणार नाही.

त्यांचा होकार आज आला. त्यांना मी बाकीचं सांगेन की नाही, ठाऊक नाही. हा कागद तर कुठेच जायचा नाही, म्हणून लिहिते. ते तुम्हाला मारत होते तेव्हा मी ओरडले नाही. माय मध्ये पडली, तेव्हा मला तिचा राग आला. अजूनही येतो.