आमच्या मोरीतली घोरपड

मुलुंड,
९ नोव्हेंबर १९५५

तीर्थस्वरूप मधुदादांच्या चरणी नंदकुमारचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वेळेवर पोचलं. उत्तराला उशीर झाला याचं कारण आळस नसून घोरपड आहे, ते पुढे सविस्तर येईलच. वहिनींचा दमा आता कसा आहे? थंडी सुरू झाली की त्यांना पहाटे फार उठू देऊ नका. तुमच्या बागेत यंदाही बुलबुलांनी जास्वंदीत घरटं केलं, हे वाचून आम्हां दोघांना आनंद झाला. (हे मनापासून लिहितो. बुलबुल हा लहान असला तरी चांगला पक्षी आहे.)

आम्ही मुलुंडला बिऱ्हाड केलं तेव्हा बाळच्या मुंजीत, भर पंगतीत, तुम्ही मला विचारलं होतंत, "नंदू, तिकडे शेजारी म्हणून कोण, कोल्हे का?" सगळी पंगत हसली आणि वाढणारा आचारीसुद्धा थांबला. मी तेव्हा जिलबीकडे बघत गप्प बसलो, कारण आमच्या शेजाराची मला पुरती माहिती नव्हती. आता आहे. कोल्हे डोंगराच्या अंगाला असतात, कॉलनीपर्यंत येत नाहीत. कॉलनीत येतात ते वेगळे. आमच्या मागच्या कुंपणात मुंगुसाची जोडी राहते आणि सकाळी पोरांना घेऊन रांगेने रस्ता ओलांडते. समोरच्या पिंपळावर धनेश येतो. त्याची चोच पाहिल्यावर तुमच्या पार्ल्याचे सगळे पक्षी मला अर्धवट वाटू लागले आहेत. (राग मानू नये.) भारद्वाज तर इतका घरचा झाला आहे की त्याचं दर्शन शुभ असतं हे आम्ही विसरूनच गेलो. गेल्या महिन्यात मी दोरीवरची पायजम्याची नाडी ओढायला गेलो, तर नाडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो हरणटोळ होता. हिरवागार, बारीक, अतिशय सभ्य साप. त्या दिवशी मी ऑफिसला धोतर नेसून गेलो.

तुम्हाला म्हणून सांगतो दादा, आमच्या कॉलनीत माणसाची किंमत पगारावर होत नाही, त्याच्या दारी काय आलं यावर होते. या हिशेबात आमचे शेजारी भाऊ टिपणीस सर्वांत वर. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, गुडघ्यांनी अधू, पण आवाज अजून फलाटावरचा. त्यांनी संध्याकाळी आपल्या परसात बिबळ्या पाहिला आहे. खरं म्हणजे त्याची शेपटी पाहिली आहे, आणि ती शेपटी दर रविवारी थोडी वाढते. पण शेपटी का होईना, बिबळ्याची. त्यांच्यापुढे आमचा हरणटोळ काढायचा म्हणजे लग्नात रुमाल आहेर करण्यासारखं. भाऊ ऐकून घेत आणि म्हणत, "हो हो, असतात तेही." त्या 'तेही'ने मला फार दिवस छळलं.

रत्नप्रभाचं मात्र निराळंच होतं. ती गिरगावात वाढलेली. खिडकीतून हात काढला की समोरच्या बिऱ्हाडाची साखर घेता यावी, अशा घरातली मुलगी. इथे आल्यापासून ती फार कमी बोलायची. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून डोंगराकडे बघत राहायची. मी काही विचारलं की "काही नाही" म्हणायची. नवऱ्याने यातून काय समजायचं ते मी समजलो, आणि आतल्या आत खंतावलो. असो.

आता घोरपडीकडे येतो. दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी सकाळी बंब पेटवायला न्हाणीघरात गेलो. तिथे उजेड बेताचाच. बंबामागे एक चांगला जाड, खवल्याखवल्यांचा ओंडका पडलेला दिसला. काशीराम लाकडं टाकून जातो, त्यातलाच असावा असं वाटलं. वाकून उचलणार, तोच ओंडक्याने जीभ बाहेर काढली. लांब, निळसर आणि टोकाला दुभंगलेली. या प्रसंगी दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मी पंचा सांभाळत, तोल न सोडता, पाठ न दाखवता बाहेर आलो आणि शक्य तितक्या शांत आवाजात रत्नप्रभाला म्हणालो की न्हाणीघरात कोणीतरी आलं आहे. ती म्हणाली, "मग चहा टाकू का?" तिला पाहुणे वाटले.

माझा शांत आवाज भाऊंना त्यांच्या घरात ऐकू गेला. ते काठी टेकत आले, दारातून डोकावले, आणि दादा, त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेपटी नव्हे, अख्खा प्राणी, नाकापासून टोकापर्यंत माझ्या घरात. एवढ्यात घोरपडीने गर्दी पाहून मोरीच्या भोकात तोंड घातलं. डोकं गेलं, पुढचे पाय गेले, आणि पोटाशी ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. भाऊ भानावर आले. "नंदकुमार," ते म्हणाले, "देवाने पाठवली आहे. घोरपडीच्या तेलासारखं गुडघ्याला दुसरं औषध नाही. सोडू नकोस." त्यांनी घरून सुंभाची दोरी आणवली, घोरपडीच्या मागच्या अंगाला फास टाकला आणि आम्ही दोघांनी ओढलं. लहानपणी इतिहासाच्या तासाला गडाच्या कड्याला चिकटलेल्या घोरपडीबद्दल ऐकलं होतं, त्यावर मी तेव्हा विश्वास ठेवला नव्हता. आता ठेवतो. दोरी तुटली, भाऊ माझ्या अंगावर आणि मी हंड्यावर. घोरपड जागची हलली नाही.

मग भाऊंनी कोयता मागवला.

इथपर्यंत रत्नप्रभा दारात उभी होती. बाहेर एव्हाना निम्मी कॉलनी जमली होती. कोयता आला तशी ती आत गेली, बंब आणि भाऊ यांच्या मधे उभी राहिली, आणि जो आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाली, "भाऊ, कोयता खाली ठेवा. ती माझ्या मोरीत आली आहे."

"अगं, माझे गुडघे..." भाऊ म्हणाले.

"गुडघ्यांना मी रोज शेक देऊन जाईन. हिला हात लावायचा नाही. घाबरली आहे ती, पोट बघा कसं हलतंय."

मी पाहिलं. खरंच हलत होतं. दादा, एवढा वेळ मी जीभ, खवले, नखं, सगळं पाहिलं होतं, पण तिला धाप लागली आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाऊंच्याही आलं नसावं, कारण त्यांनी कोयता खाली ठेवला आणि ते खाकरत बाहेर गेले. मग रत्नप्रभाने पदर खोचला, स्वयंपाकघरातून लोखंडी बत्ता आणला आणि मोरीच्या तोंडाचा सिमेंटचा काठ फोडायला सुरुवात केली. (घरमालकांचं काय, असं मी विचारलं. तिने आणखी एक घाव घातला.) बाहेरची गर्दी आत घुसून तिच्या कामात अडथळा नको, म्हणून मी पुढे होऊन दाराचा बंदोबस्त केला. ती बोटांनी खडे काढत होती, मधूनच खोबरेल तेल सोडत होती, आणि सारखं काहीतरी बोलत होती, माझ्याशी नव्हे. शेवटी एक मोठा तुकडा निघाला आणि घोरपड सुटली. मोरीतून बाहेर पडून ती परसात आली, सगळ्या कॉलनीदेखत थांबली, एकदा जीभ काढली, आणि सासरची थोर बाई निघावी तशी डोलत डोलत डोंगराच्या दिशेने चालू लागली. पोरांनीसुद्धा आपण होऊन वाट दिली.

रत्नप्रभा न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला सिमेंट लागलं होतं, बोटं सोललेली होती, आणि ती हसत होती. मला त्या क्षणी जे वाटलं ते पत्रात लिहिणं बरं दिसणार नाही. एवढंच लिहितो की ही माझी बायको आहे, हे मी तिथे उभ्या असलेल्या दोघातिघांना विनाकारण सांगितलं. त्यांना ते माहीत होतं.

ऑफिसला उशीर झाला. हेडक्लार्कांना कारण सांगितलं, तर ते म्हणाले की निदान मुंबईत घडण्यासारखं काहीतरी सांगा. मी म्हणालो, मुलुंड मुंबईच्या बाहेर आहे याचा आम्हाला अभिमान आहे. तेव्हापासून आमच्या घरी माणसांची रीघ आहे. ठाण्याहूनसुद्धा मंडळी मोरी बघून गेली. भाऊ स्वतः दारात उभे राहून हकिगत सांगतात आणि त्यात 'आमची घोरपड' म्हणतात. बिबळ्या जवळजवळ बंद झाला आहे. रत्नप्रभा रोज त्यांच्या गुडघ्यांना शेक द्यायला जाते, आणि संध्याकाळी कॉलनीतल्या बायका तिच्याबरोबर डोंगराच्या पायथ्यापर्यंत फिरायला जातात. तिला घोरपडवाल्या वहिनी म्हणतात. तुम्हीच सांगा, पार्ल्यात असा मान कोणाला आहे?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जपून असावं.

तुमचा,
नंदकुमार

ता. क. तुमच्या पत्रातल्या मुख्य गोष्टीबद्दल लिहायचं राहूनच गेलं. माझ्या सांगण्यावरून इतके खेटे घालून, मालकांच्या विनवण्या करून, तुम्ही पार्ल्यात आमच्यासाठी ज्या दोन खोल्या धरून ठेवल्या आहेत, त्या आता नकोत. रत्नप्रभाला इथे करमत नाही म्हणून मी मागे लागलो होतो. आता ती इथून हलायला तयार नाही. तरी तेवढं मालकांना तुम्हीच सांगावं. माझं नाव न घेता जमलं तर फारच बरं.

दुसरा ता. क. ती. मधुदादांना रत्नप्रभाचा शिरसाष्टांग नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. मला इथे करमत नाही असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मी गप्प असायची, कारण इथे ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. पार्ल्याच्या खोल्या ह्यांना हव्या होत्या. दाराचा बंदोबस्त केला हे खरं आहे. त्यांनी बाहेरून कडी लावली होती. मी आणि घोरपड आत होतो. तुमच्या खटपटीबद्दल मला फार वाईट वाटतं, तरी रविवारी वहिनींना घेऊन जेवायलाच या. मोरी इथले घरमालक नीट करून देतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. हे ऑफिसला गेले की दुपारची ती येते, बंबामागे थोडी पडते आणि जाते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा उलट टपाली लिहाल ते जरा जपून लिहावं.