जिनिंगमधला आवाज

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा फसवणूक! नवा भयपट — आणि दहाव्या मिनिटाला भूत समोर उभं. पांढरी साडी, मोकळे केस, तोंडाला पीठ फासलेलं. एकदा तोंड दिसलं की संपलं ना सगळं! मग ती नुसती रंगवलेली बाई उरते. भीती दिसण्यात नसतेच. रिकाम्या खोलीत आपण सहज "कोण आहे?" म्हणावं आणि कोणीतरी "मी" म्हणावं — बस्स, तेवढं पुरतं.

यज्ञेश्वरांनी अख्खा सिनेमा उशीआडून पाहिला. वर मलाच — "अनघा, तुले दुसरा काही शौक नाही का वं?" नवरा म्हणून बरा माणूस, पण या कामाचा नाही.

१३ नोव्हेंबर

यज्ञेश्वर भरदुपारी वरच्या खोलीत चष्मा आणायला गेले — मोठ्याने गाणं म्हणत!

१५ नोव्हेंबर, शनिवार

भूत शोधणारी ती टीव्हीवाली मंडळी चक्क आपल्या पांढरकवड्यात! गावाबाहेरच्या, कापूस पिंजायच्या बंद जिनिंगमध्ये. सहा वाजता थेट प्रक्षेपण. भाकरी तव्यावर टाकायच्या सोडून बसले.

असल्या कार्यक्रमांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. हातात लुकलुकणारं यंत्र, "तापमान गिर रहा है", मग कॅमेरा हलवत पळापळ. भूत बिचारं तोंड उघडतं तोच जाहिरात. पण आज खरंच काहीतरी आलं. सूत्रधार ओरडला, "कोई है यहाँ?" आणि लांबून, जमिनीखालून यावा तसा, एक घोगरा आवाज. पडद्यावर लगेच अक्षरं — "मर गया". सगळे गाडीकडे पळाले. ते पळणं खोटं नव्हतं. एकाची चप्पल तिथंच राहिली.

अंगावर काटा आला. कित्येक वर्षांत एवढी मजा आली नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

तेवढाच तुकडा मोबाइलवर लावून सात वेळा ऐकला. कोर्टात एकोणीस वर्षं लघुलेखक आहे मी. साक्षीदार कितीही पुटपुटला तरी शब्द सुटत नाही. हे "मर गया" नाहीच. "वर घ्या" आहे. आणि त्यानंतर, पळणाऱ्यांच्या पावलांखाली दबलेलं — "मले."

वर घ्या मले.

बाहेरगावच्या लोकांना काय कळणार!

आत्ताच गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. वच्छलाबाई, वय साठ. शुक्रवारी बकऱ्या चारायला गेल्या. बकऱ्या परतल्या, त्या नाही. खाली मुलाचा, सेवादासचा नंबर.

फोन करते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सापडल्या! जिवंत!

सेवादासला विचारलं, आई बकऱ्या कुठे नेते? "जिनिंगच्या मांगं. काहून, ताई?" फोन ठेवून तडक पोलीस ठाणं गाठलं. हवालदार पूनमसिंग आधी हसले — "मॅडम, आता भुताचा जबाब घ्याचा का?" तुकडा ऐकवला. दुसऱ्यांदा ऐकताना ते उठून उभे राहिले. "चला. दोर घ्या कोणी."

जिनिंगच्या मागे गवतात बुडालेली विहीर, कठडा नसलेली. कोरडी. सेवादास काठावर पालथा पडून आईला हाका मारत होता — "याडी! याडी ओ!" उत्तर नाही. पूनमसिंगनी बॅटरी मारली. तळाशी दगड, पाला आणि त्या एकट्या. एक हात हलला. सेवादास उतरला. बाजेला बांधून वर घेतलं. पाय मोडलेला, बरगड्या मोडलेल्या, डोळे टक्क उघडे. आणि दोर धरायला सगळ्यांत पुढे कोण? माझे यज्ञेश्वर! तळव्यांची सालटी निघाली. घरी येऊन हळद लावली तेव्हा म्हणाले, "मले सिनेमाची भीती वाटते. मान्साची नाही."

एक माणूस मदत मागत होतं आणि मी सोफ्यावर बसून मजा घेत होते. हे कुणाला सांगू?

१७ नोव्हेंबर

टीव्हीवाल्यांनी तो व्हिडिओ अजून काढून टाकला नाही. मी खाली लिहिलं, ते भूत नव्हतं, जिवंत बाई होती. चाळीस जणांचं उत्तर — "झूठ."

आता हे कार्यक्रम बंद. सिनेमेही काही दिवस नकोत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यात गेले. वच्छलाबाई आजच बोलायला लागल्या, एकेक शब्द तोडून. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही ओरडलात म्हणून सापडलात."

"मी कुठी ओरडली, बाई? पडली तशी छातीत हवाच नाही भरे. ते दुसरी ओरडून राह्यली होती."

मग सेवादासकडे वळून —

"तिले काहून नाही काढलं रे?"