घाटातले अकरा किलोमीटर

३ फेब्रुवारी

केलं! जे करायचं नाही म्हणून बावन्न दिवस दात-ओठ खाऊन पेडल मारलं, तेच आज केलं. टेम्पोत बसले.

साहेबांना माहीत नाही. साहेब म्हणजे आमचेच. तेहतीस वर्षं सरकारी मोजणीदार, उन्हातान्हात साखळी टाकून लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाले, घरात मोजायला काही उरलं नाही, म्हणून देश मोजायला निघाले – डोंगराकडच्या सीमेपासून समुद्रापर्यंत, सायकलवर. मीही शिवणाचं दुकान बहिणीच्या गळ्यात मारून निघाले. नियम एकच, अर्थात त्यांचाच. सगळं अंतर दोघांनी स्वतःच्या पायांनी कापायचं. एक मीटरसुद्धा इंजिनावर नाही.

आज घाटाच्या पायथ्याशी साहेबांचं मागचं चाक बसलं. तू हो पुढे, मी गाठतोच, म्हणाले. झाले पुढे. काल रात्रीपासून अंगात ताप होता, ते काही मी बोलले नव्हते. बोलले असते तर मुक्काम वाढला असता आणि साहेबांच्या वहीतलं वेळापत्रक कोलमडलं असतं. दोन किलोमीटर चढले आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. मागून खुर्च्यांनी भरलेला टेम्पो आला. ड्रायव्हरकाका म्हणाले, बसा ताई. सायकल आत आडवी टाकली आणि लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, ओढणी सावरून, पाहुणीसारखी बसून अकरा किलोमीटर वर आले.

दीड तासाने साहेब आले. घामाघूम. मी सांगायला तोंड उघडलं, तर हे माझ्याकडे असे बघत होते की तसं लग्नातही बघितलं नव्हतं.

"तू माझ्याआधी चढलीस?"

तोंड मिटलं.

४ फेब्रुवारी

चहावाल्याला सांगून झालं. पंक्चरवाल्याला सांगून झालं. रस्त्यात मेंढ्या घेऊन चाललेल्या म्हातारबाबांना थांबवून सांगितलं – ही माझी बायको, तेरा किलोमीटरचा घाट माझ्याआधी चढली! म्हातारबाबांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि मेंढ्या हाकल्या. त्यांना तरी पटलं नसावं.

५ फेब्रुवारी

ताप उतरला. लाज उतरत नाही.

७ फेब्रुवारी

लेकीला फोन. ती समुद्राकाठीच राहते, आमचा शेवट तिच्याच गावात. साहेबांनी तिला घाट ऐकवला, मग जावयांना बोलावून पुन्हा ऐकवला. एक मात्र आहे. दुसरा कुणी असता तर एव्हाना तेराचे वीस झाले असते. साहेब तेराच्या वर एक मीटर जात नाहीत. खोटं फक्त माझ्याच वाट्याचं आहे.

९ फेब्रुवारी

साहेबांची पँट बसायच्या जागी उसवली. भर बाजारातून टॉवेल गुंडाळून सायकल चालवत होते, ताठ मानेने. लोक हसत होते, हे त्यांना नमस्कार करत होते! लॉजवर शिवून दिली. आत दोन बोटं कापड सोडलं होतं म्हणून निभावलं. म्हटलं, बघा, शिवणकामात माणसाच्या चुकीला जागा ठेवतात. साहेब म्हणाले, मोजणीत नाही ठेवत.

खरंय. एकदा अर्धा फूट जुळेना म्हणून संध्याकाळी घरी आलेला माणूस पहाटे सव्वीस किलोमीटर परत गेला होता, ते शेत पहिल्यापासून मोजायला. शेतमालक म्हणाला, साहेब, अर्धा फूट माझ्यातर्फे सोडून द्या. सोडतायत कसले! अशा माणसाला मी अकरा किलोमीटर कमी आहेत म्हणून सांगायचं. नाही सांगितलं तर हा प्रवास पुरा झाला असं तो मरेपर्यंत समजणार, आणि मला मरेपर्यंत माहीत असणार की झाला नाही.

१२ फेब्रुवारी

लेकीने फोटो पाठवला. तिथल्या सायकल क्लबने फलक करून घेतलाय – माझं चित्र, मागे डोंगर. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. मी घाटाबद्दल दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा. दोनच पुरतील : टेम्पो, खुर्ची.

साहेब फोटो मोठा करकरून बघत होते. नाक नीट आलं नाही म्हणाले.

१३ फेब्रुवारी

आज तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा साहेबांच्या तोंडात घास होता. दुसऱ्यांदा बाजूने ट्रक गेला. तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तर मीच विचारलं, उद्या ऊन असेल का?

भित्री भागूबाई कुठली.

१४ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी, लॉजच्या खोलीत. साहेब खाटेवर बसून मोजे घालत होते. मी दाराला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे माझं मलाच पळता येऊ नये. एका दमात सगळं सांगून टाकलं – ताप, काजवे, खुर्ची, सगळं.

एक मोजा हातात तसाच.

"कुठून कुठपर्यंत?"

हसू की रडू! म्हटलं, दोन किलोमीटरच्या दगडापासून वरच्या टपरीपर्यंत. वही काढली, लिहिलं. अकरा. मग वर बघितलं.

"ताप होता तर बोलली का नाहीस?"

"तुमचं वेळापत्रक कोलमडलं असतं."

दुसरा मोजा उलटा घातला, तसेच निघाले. दिवसभर अबोला. दर दहा किलोमीटरला थांबायचं हे आमचं ठरलेलं, तसे थांबले. पाण्याची बाटली पुढे करायची, मी प्यायले की झाकण लावून परत ठेवायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ फेब्रुवारी

अजून अबोला. पण सकाळी बघते तर माझ्या साखळीला तेल घातलेलं, चाकांत हवा भरलेली, आणि पिशवीतलं निम्मं सामान त्यांच्या सायकलीवर गेलेलं.

दुपारी झाडाखाली मीच विषय काढला. म्हटलं, क्लबमध्ये सगळं खरं सांगणार आहे. आणि तुम्ही म्हणत असाल तर बसने परत जाऊ, ते अकरा मी चढून दाखवते. मान हलवली, नाही म्हणून. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "तापलेल्या बायकोला घाट दाखवून मी चाक दुरुस्त करत बसलो. मोजतो सगळं, आणि कपाळाला हात लावून बघायचं सुचलं नाही."

मला एवढं रडू आलं. साहेबांनी बाटली पुढे केली. ठरलेले दहा किलोमीटर झाले नव्हते तरी.

१६ फेब्रुवारी

समुद्र अकरा किलोमीटर, अशा दगडापाशी साहेब सायकलवरून उतरले. वाटलं, पाणी प्यायला. तर त्यांनी मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरला हात केला! सायकल वर बांधली, ड्रायव्हरशेजारी चढून बसले. मी नको नको म्हणत होते, हँडल ओढत होते. म्हणाले, "आता दोघांची मोजणी सारखी. तू हो पुढे."

टँकर माझ्या बाजूने गेला. पासष्ट दिवसांत एक मीटर न सोडलेला माणूस आत ताठ बसून सरळ समोर बघत होता. माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर साहेब उतरले असते.