आधी आपल्या जिभेवर

३ डिसेंबर २०२४, मंगळवार
रिपोर्ट आले. सगळे चांगले! तरी पोर जेवत नाही ती नाहीच. आमची वैष्णवी — आठ वर्षांची नात — दोन घास खाल्ले की पोट धरते. "भरलं, आजोबा." पोट बघावं तर ढोलकी!

रत्नागिरीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आत बिघाड काही नाही, पचनाचं काम तेवढं मंदावलंय, मुलांचं होतं असं. पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर मात्र कोल्हापूरला नेऊन नळी घालून बघायचं. नळी! एवढ्याशा घशात! सूनबाई, मृणाली, येताना रिक्षात पोरीला कुशीत घेऊन बसली.

मी भीत भीत विचारलं, घरचं काही उगाळून दिलं तर? "द्या, पण थोडंच. दुखणं वाढलं तर तडक इकडे या."

४ डिसेंबर
सखूचं गाठोडं सोडलं. शिमग्यात ती गेली, तेव्हापासून हात लावला नव्हता. मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ. मी काही वैद्य नव्हे — बायको चाळीस वर्षं उगाळायची नि मी बसून बघायचो, तीच माझी शाळा. मुरुडशेंग हातात घेतली आणि बघतच राहिलो. थेट पीळ पडलेलं आतडं! पोटात मुरडा कसा येतो, हे त्या झाडाला कुणी सांगितलं असेल?

सहाणेवर सात सात वेढे. सखूचा नेम — आधी आपल्या जिभेवर, मग लेकराच्या. मी बोट लावून चाटलं. तुरट! पोर माझ्या तोंडाकडे टक लावून. मग तिनंही घेतलं.

शेजारचा गंगाराम दगडी गडग्यापलीकडून ओरडला, "भागोज्या, बाळंतिणीची कामं धरलीस काय रे?"
धरली म्हटलं!

७ डिसेंबर
फरक नाही. भाकरी अर्धी टाकून उठली. मीही पेजेवर भागवलं. मृणाली म्हणाली, "भाऊ, तुम्ही तरी नीट जेवा हो." हल्ली मला तेवढंच पुरतं.

९ डिसेंबर
आज पोरीनं अट घातली! "नुसतं बोट चाटून काय होतंय? तुम्ही चमचाभर घ्या, तरच मी घेईन." घेतलं बापड्यानं. मग माझ्याच ताटात जेवायला बसली — एक घास तुमचा, एक माझा. हट्टी, अगदी सखूवर गेलीय.

१३ डिसेंबर
नवल! कुळथाचं पिठलं आणि भात — मागून घेतला! वर ढेकर, गंगारामाला ऐकू जाईल असा! मृणाली डाव हातात धरून उभीच.

कातळाकडेच्या रानात वाऱ्यावर वाढलेली ही शेंग. ना कुणी खत घातलं, ना पाणी. आणि हरवलेली भूक शोधून आणते! माणसानं कितीही शिकावं, तरी शिकायचं उरतंच. सहाण धुतली आणि तिलाच हात जोडले.

पिठलं मलाही गोड लागलं. दोनदा वाढून घेतलं.

१८ डिसेंबर
वजन पाऊण किलो वर! नळी रद्द! डॉक्टरबाईंनी शेंगेचं नाव विचारून कागदावर टिपलं. मी मोठा धन्वंतरी! येताना मृणालीनं आम्हा दोघांना सोलकढी पाजली.

१९ डिसेंबर
शाळेला निघाली. चपला घालता घालता दारातून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आता भूक लागते ना? मग मी औषध बंद करू?"