मनगटाचे उपकार

सोमवार, ४ मार्च
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! उजव्या मनगटाला पट्टा. डॉक्टरीणबाईंनी दम दिलाय — "महिनाभर इस्त्रीला हात लावायचा नाही. आणि काम निम्मं करा, नाहीतर हात कायमचा जाईल." दोन हॉटेलांच्या चादरी, वर गिऱ्हाइकांचे शर्ट... निम्मं काय करू, कपाळ?

बुधवार, ६ मार्च
लाँड्रीत स्टुलावर नुसती बसून. इस्त्री हे करतायत. कॉलरला चुण्या पाडतात. बघवेना, तोंड फिरवून बसले.

शनिवार, ९ मार्च
मोठ्या हॉटेलचं काम सोडलं. फोन मीच केला.
दुपारीच मशीनं थांबली. एवढी शांतता दुकानात कधी नव्हती. चहा प्यायलो — चक्क बसून. हे म्हणाले, "लहानपणी तुला काय व्हायचं होतं गं?" लेकीचं लग्न झालं, आणि हे आत्ता विचारतायत!
म्हटलं, "बसकंडक्टर. तिकिटं फाडायला मिळतात म्हणून."
इतके हसले की चहा शर्टावर. बरं, धुवायला दुकान घरचंच.

मंगळवार, १२ मार्च
एकदाचं विचारलं. "इस्त्री करताना मी एवढं बोलते, तुम्ही हूं की चूं करत नाही. का?"
ह्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "ह्या कानाने ऐकूच येत नाही मला. दोनेक वर्षं झाली."
माझं टेबल ह्यांच्या डावीकडे, वर मशीनांचा गोंगाट! म्हणजे मी त्या कानाशी बोलत होते, त्याच्यावर रुसत होते, मनात काय काय धरून बसले होते — आणि ह्यांना पत्ताच नाही.
"सांगितलं का नाहीत?"
"तू जरा थांबलीस की सांगणार होतो."
रागावू की रडू? दोन्ही केलं. मग टेबल उचलून उजवीकडे नेलं. म्हणजे ह्यांनी नेलं. मी एका हाताने लावल्यासारखं केलं.

शुक्रवार, १५ मार्च
लेकीचा फोन. "आई, बाबांना झालंय काय? अर्धा तास बोलले माझ्याशी!"
काय सांगू तिला? ह्यांना आईची आठवण कधी येते, कशाची भीती वाटते, माझा कुठला स्वभाव आवडत नाही (बराच!) — सगळं ह्या आठवड्यात कळलं. मनगटा, तू दुखलं नसतंस तर मी अजून चादरीच मोजत बसले असते. फार उपकार झाले रे बाबा!

सोमवार, १८ मार्च
कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजवा कानही चाललाय. किती दिवस साथ देईल, त्यांनाही सांगता येईना.
पायऱ्यांवरच मला रडू फुटलं. ह्यांनी माझा डावा हात धरला. "अगं, रडतेस काय? बोल. आत्ता येतंय ना ऐकू."
लांबच्या रस्त्याने घरी आलो. वाटभर मीच बोलत होते.