इथं पावशा वेगळंच बोलते

तीर्थरूप बाबा,

हर्षलचा लांबूनच तुमच्या पायावर माथा.

मी खडगपुरात बरा हाय. डब्यातलं जेवण चांगलं भेटते, मायले सांगा. वावराची वखरणी झाली काय?

सकाळी कामावर जाताना पावशा ओरडते. आपल्या संग्रामपुरात तो 'पेरते व्हा' म्हणते, हे तुम्हीच मले खांद्यावर बसवून शिकवलं. इथले बंगाली लोक त्याच आवाजाले 'चोख गेलो' म्हणतात. म्हणजे डोळे गेले. तवापासून मलेही तसंच ऐकू येऊन राह्यलं.

दिवाळीले तुम्ही चहाचा कप ओट्यावर ठेवतो म्हणून हवेतच सोडला, अन् हात थरथरला म्हटलं. मी तुकडे वेचले. माणसाले हा पक्षी ऐकायले उन्हाळे तरी किती भेटतात? आबाले साठ भेटले. तुमचे अठ्ठावन्न झाले. जे राह्यले, ते दिसले पाहिजेत.

फोनवर तुम्ही नुसतं 'बरं हाय' म्हणता, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहून राह्यलो. रुपालीताईले देऊ नका, स्वतः वाचा. अन् इथं पावशा काय म्हणते, ते या चिठ्ठीत वाचून मले फोनवर सांगा.

तुमचा लेक,
हर्षल

ताई, हे तूच वाचून दाखवत असशील, तर बाबाले उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं ने.