चौथ्या मागणीवर माझी सही

बेसा, नागपूर
डिसेंबर, गुरुवार

तीर्थरूप रुपरावदादास, धाकटी बहीण जयवंता हिचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? प्रमोदिनी वहिनी सांगत होती की तू तेल लावत नाही, अन् कण्हतो मात्र एवढ्या जोरात की पार रामटेकच्या गडावर ऐकू जाईल. तेल लावत जाय. मी बरी आहे. कंबर दुखते, पण कंबरेले विचारून कोणी काम देत नाही. धान घरात आला असेल. तुझ्या पोरीले, वैभवीले आशीर्वाद सांगजो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर नुसता 'हाव हाव' करतो, अन् मधातच 'बैल सुटला' म्हणून ठेवून देतो. तुझ्याकडचे बैल विकून चार वर्षं झाली, हे मले माहीत आहे. म्हणून कागद लिहून राहिली. कागद मधातच ठेवता येत नाही.

तर ऐक. मी अकरा वर्षं झाली ओमप्रकाशजींच्या वृद्धाश्रमात आहे. (ते 'वृद्धाश्रम' म्हणू देत नाहीत, 'ज्येष्ठ निवास' म्हणा म्हणतात. म्हातारे तेच, खिचडी तीच.) बत्तीस म्हातारे अन् आम्ही चार बाया. उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं. आता सरकार वृद्धाश्रमांसाठी नवा कायदा आणून राहिलं. त्यातल्या एका कलमानं मालकाचं जेवण सुटलं अन् दुसऱ्यानं माझं. पहिलं असं, की वरच्या मजल्यावर म्हातारे ठेवाल तर लिफ्ट पाहिजे. आमचं घर तीन मजल्यांचं, अन् लिफ्टच्या जागी ओमप्रकाशजींचा देव्हारा. दुसरं असं, की म्हाताऱ्यायले हात लावणारी बाई दहावी पास पाहिजे. मी सहावी अर्धी. म्हणजे कायदा झाला की मी रस्त्यावर, एकोणपन्नासाव्या वर्षी. देवकीआजीले आठ वर्षं मी दर दोन तासांनी वळवून राहिली, तिच्या पाठीवर एक फोड नाही. डॉक्टर विचारतो, कोणती गादी वापरता? गादी कशाची बाप्पा, हे हात होय. पण हाताचा निकाल कोणता बोर्ड लावते?

मंग मालक लोकायनं महासंघ काढला. अकरा आश्रमांचे अकरा मालक, त्यात नऊ पदाधिकारी. उरलेले दोघं सल्लागार. ओमप्रकाशजी अध्यक्ष. (वाडीले त्यांचं टाइल्सचं गोदाम आहे. टाइल्स अन् म्हातारे ते एकाच आवाजात मोजतात, फुटलेले बाजूले काढून.) सचिव शोभाताई. त्यांचा आश्रम एसीचा. त्या म्हाताऱ्यायले 'लाभार्थी' म्हणतात अन् आम्हाले 'मनुष्यबळ'. अधिवेशनावर मोर्चा न्यायचं ठरलं. तुले माहीतच आहे, सरकार वर्षभर मुंबईत राहते, डिसेंबरात थोडे दिवस आमच्याकडे येते, अन् तेवढ्या दिवसांत अख्ख्या विदर्भाले आपापली दुखणी आठवतात. शोभाताईनं घोषणा लिहिली: 'दीर्घकालीन ज्येष्ठ सेवा पुरवठादारांना वैधानिक संरक्षण मिळालेच पाहिजे!' तालमीच्या दिवशी 'पुरवठादारांना' येईपर्यंत निम्म्या म्हाताऱ्यायचा श्वास संपला, एकाची कवळी बाहेर आली. देवकीआजी म्हणाली, 'एवढी लांब घोषणा म्हटली तर मिळालेलं पाहायले मी राहीन का वं?' मंग तिनंच दुसरी बनवली: 'आम्ही बसलो, तुम्ही उठा!' तीच चालली.

मोर्चा निघाला यशवंत स्टेडियमपासून. मालक लोकं कारमधून येऊन शेवटच्या शंभर पावलांले पायी झाले. म्हातारे पहिल्यापासून होते. पुढे वीस खुर्च्या, मागे आम्ही ढकलणाऱ्या. आमच्या पुढे दुसरा मोर्चा, त्याच्यापुढे तिसरा. मधातच पाहते तर देवकीआजी खुर्चीसकट गायब. कोण्या पोराले सांगून तिनं खुर्ची वळवून घेतली होती. शोधत शोधत गेली तर आजी दुसऱ्याच एका मोर्चाच्या मांडवात बसून तर्री-पोहे खाऊन राहिली होती, अन् हात वर करून कोणाच्या तरी पदोन्नतीची मागणी करून राहिली होती. मी म्हटलं, आजी, आपला मोर्चा तिकडे आहे. तर म्हणते, 'तिकडे चहा पण नाही. मागणी काय, कुठूनही करता येते.'

पोलिसांनी अडवलं तिथं सांगितलं, फक्त पाच जण आत जाईल. शिष्टमंडळ. आता नऊ पदाधिकाऱ्यातून पाच काढायचे म्हणजे कायद्याहून मोठं काम. त्यात दाखवायले एक म्हातारा पाहिजेच, म्हणून महादेवरावांले घेतलं. (महादेवराव आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. ऐंशी पार, पाय गेले, डोकं नाही गेलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक पाहत होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा अन् नंबर टाकायचा. अजूनही गोळी दिली तर तारीख विचारूनच गिळतात.) महादेवराव धरून पाच झाले. पण त्यांची खुर्ची ढकलणार कोण? मी पुढे झाली तर शिपाई म्हणतो, बाई, तुम्ही सहाव्या. मी म्हटलं, मले माणसात काहून मोजता? खुर्चीले चार चाकं आहेत, मी पाचवं समजा. तो हसला अन् सोडलं. मागे राहिलेले पाच पदाधिकारी माझ्याकडे असे पाहत होते, जशी काही मी त्यांचीच खुर्ची घेतली.

आत दोन तास बसवलं. मंत्री आले. ओमप्रकाशजींनी शाल घातली, नारळ दिला, गुच्छ दिला, अन् 'मातोश्रींच्या स्मृती' एवढं बोलले. (मातोश्री ठणठणीत आहेत, नंदनवनात लेकीकडे राहतात. ह्यांच्या आश्रमात राहायले त्यांनी चोख नाही म्हटलं.) मंग निवेदनाची फाइल मंत्र्यांच्या हातात दिली. फोटो. फोटोवाला म्हणाला, ताईचे डोळे मिटले, पुन्हा. ओमप्रकाशजींनी फाइल परत घेतली, केस नीट केले, पुन्हा दिली. फोटो. शोभाताई म्हणाल्या, आता एक माझ्या हातून. फाइल पुन्हा परत. तेवढ्यात मंत्र्यांले कोणीतरी हाक मारली, ते 'सकारात्मक, सकारात्मक' म्हणत निघून गेले. शाल गेली, नारळ गेला. फाइल शोभाताईच्या हातात. अन् हे शहाणे लोकं हसत हसत बाहेर आले, जसं काही लग्न लावून आले! बाहेर कॅमेऱ्यासमोर ओमप्रकाशजी दहा मिनिटं बोलले. फाइल त्यांनी मले धरायले दिली, हात हलवायले मोकळे पाहिजे म्हणून.

परत येताना गाडीत महादेवराव म्हणाले, 'शिक्का कुठे आहे? आवक क्रमांक?' ओमप्रकाशजी म्हणतात, 'अरे काका, फोटो है ना! मंत्रीजींच्या हातात फाइल साफ दिसून राहिली.' महादेवरावांनी डोळे मिटून घेतले. तीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं असेल, पण मागणी परत घरी घेऊन येणारा मोर्चा काही पाहिला नव्हता.

मी रिकामी बसली होती, फाइल उघडली. मी वाचते हळू. एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाडीच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती (ओमप्रकाशजींले गोदामात उतरायचं होतं), म्हणून वेळ भरपूर. पहिली मागणी लिफ्टची सूट. दुसरी विजेची. तिसरी अनुदानाची. चौथी मी तीनदा वाचली: 'लिफ्टची सूट मिळाल्यास महासंघाचे सदस्य दहावी अनुत्तीर्ण सेविकांना दोन वर्षांत स्वेच्छेने सेवामुक्त करतील.' दादा, मी सकाळपासून ज्याच्यासाठी घसा फोडून राहिली होती, ते हे. मले काढायच्या मोर्चात मीच खुर्ची ढकलली. वरून पाय सुजले ते वेगळे.

मी म्हटलं, शोभाताई, हे काय होय? त्या म्हणाल्या, 'अहो, वाटाघाटीत काहीतरी सोडावं लागतं.' मी म्हटलं, मंग एसी सोडा. तर खिडकीबाहेर पाहायले लागल्या. ओमप्रकाशजी म्हणतात, 'बाई, तुम्ही घरच्या आहात. तुम्हाले कोण काढते?' म्हटलं, लिहून द्या. 'घरच्या माणसाले लिहून देतात का कधी?' म्हटलं, अन् सरकारले जे लिहून दिलं ते? 'वो तो फॉर्मॅलिटी है.' असं होय पाहा. जे लिहिलं ते खरं नाही, जे खरं ते लिहायचं नाही. एवढं शिकायले दहावी लागत असेल तर मी सहावीत सुटली ते बरंच झालं. फाइल कपाटात टाका म्हणाले. त्यांच्याजवळ फोटो होता, कागदाशी त्यांचं काम संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी महादेवरावांची दवाखान्याची तारीख होती. ऑटोत बसल्यावर ते म्हणाले, 'फाइल घेतली का?' घेतली होती. 'मंग दवाखाना राहू दे. निवेदनं घ्यायची खिडकी दुपारपर्यंतच उघडी असते.' मी विचारलं, चौथ्या मागणीचं काय करू? फाडू? ते एवढे भडकले की ऑटोवाल्यानं गाडी बाजूले घेतली. 'कागद फाडायचा नसतो! खाडाखोड चालते. पण खाडाखोडीच्या बाजूले सही लागते.' कोणाची? 'ते कोणी पाहत नाही. सही आहे का नाही, एवढंच पाहतात. मी तीस वर्षं तेवढंच पाहिलं.' मी चौथ्या मागणीवर सरळ रेघ मारली. वरच्या मोकळ्या जागेत महादेवरावांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'दहा वर्षे सेवा केलेल्या सेविकांस प्रशिक्षित समजावे.' बाजूले मी सही केली. आखूड सही मले येत नाही, म्हणून पूर्ण 'जयवंता' लिहिलं. मावलं नाही, 'ता' मुडपून खाली घ्यावा लागला.

खिडकीतल्या बाईनं पानं उलटली, रेघ पाहिली, सही पाहिली, धप्पकन शिक्का मारला. महादेवरावांनी पोच मागून घेतली. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत ते त्याच्याकडे असे पाहत होते जसं नातू झाला.

पाच दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, महासंघाच्या मागणीनुसार जुन्या इमारतींची लिफ्ट अन् अनुभवी सेविकांची पात्रता, ह्या दोन्हींवर सहानुभूतीपूर्वक विचार करू. ओमप्रकाशजींनी त्या ओळी दोनदा वाचल्या, एकदा चष्म्यातून अन् एकदा चष्म्यावरून. शोभाताईले फोन लावला. त्या म्हणाल्या, मी तर असं लिहिलं नव्हतं. अन् तिसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला: 'अनुभवी सेविकांचे कैवारी ओमप्रकाशजी यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली अभिनंदन करणाऱ्यात माझं नाव, न विचारता. पेढे वाटले. मले देताना म्हणाले, 'देखो बाई, तुमच्यासाठी किती भांडलो.' मी पेढा खाल्ला. मंग दुसरा उचलला अन् तोही त्यांच्या डोळ्यासमोर खाल्ला.

असे हे लोकं. तुले वाटते शिकलेली माणसं मोठी. मले विचार. शिकलेल्या माणसाले फोटो पाहिजे, मंत्र्याले शाल पाहिजे, अन् म्हाताऱ्याले कूस बदलायले कोणीतरी पाहिजे, तेवढ्यासाठी मात्र दहावीचा कागद. शिक्षणावर माझा काडीचा विश्वास राहिला नाही.

वहिनीले नमस्कार. गुडघ्याले तेल.

तुझी,
जयवंता

ता. क. मी महादेवरावांले विचारलं, सहानुभूतीपूर्वक विचार म्हणजे किती दिवस? ते म्हणाले, त्यांच्या कचेरीत ह्या विचाराची तीन कपाटं भरली होती, तिसऱ्याची किल्ली हरवली होती. म्हणून मी दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरून राहिली. तू आपल्या गावच्या शाळेत जाऊन माझा सहावीतला शाळा सोडल्याचा दाखला काढ. हेडमास्तर जुनी रजिस्टरं नाही म्हणीन, तर हलू नको, तिथंच बस. जन्मतारीख गुरुजींनी ठोकून दिलेली असेल, जी असेल ती चालते, मी काही वाद घालत नाही.

ता. क. दुसरं. वैभवीची दहावीची पुस्तकं पाठव. तुझी नको. तू तीन वर्षं तीच पुस्तकं वापरली, पण एकाही पानाले हात लागल्याचं दिसत नाही. गणित महादेवराव शिकवून राहिले. कालपासून मले 'गाढवे' म्हणायले लागले. माझ्याकडून औषध घ्यायचं अन् मलेच गाढवी म्हणायचं! पण बेरीज बरोबर आली की स्वतःच्या वहीत शिक्का मारल्यासारखी खूण करतात, म्हणून सहन करते.

ता. क. तिसरं. वहिनीले सांगू नको, ती गावभर करते. कोणी विचारलं तर सांग, दाखला रेशनकार्डासाठी पाहिजे.

ता. क. शेवटचं. फॉर्मची वाढवून दिलेली मुदत सोमवारपर्यंत आहे. वर तुले, तुझ्या बैलाले अन् तुझ्या तीन वर्षांले जे काही बोलली, त्याचा राग यायचा असेल तर मंगळवारी येऊ देजो.